खोल बसलेली टोपी

आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या काकूंना सगळे तपासनीस काकू म्हणतात. अगदी तोंडावर म्हणतात, आणि त्यांनाही त्याचं काही वाटत नाही. दुधाची पिशवी घरात घेण्याआधी त्या ती उलटी धरून दाबून बघतात. टोमॅटो घ्यायचे तर प्रत्येकाला अंगठा लावणार. भाजीवाला एकदा म्हणाला, "काकू, घ्यायचेत की नाडी बघायचीय?" बाहेर पडताना दाराला कुलूप लावतील, ओढून बघतील, चार पावलं जातील आणि परत येऊन पुन्हा ओढतील.

काका नळदुरुस्तीचं काम करायचे. आता निवृत्त झालेत, पण इमारतीत कुठलाही नळ गळायला लागला की पाना घेऊन हजर. माणूस बोलका, कानाने जरा कमी, त्यामुळे आवाज चढा. काकूंच्या सवयीवरून कोणी काही बोललं की म्हणायचे, "मला सुद्धा हिने तपासूनच घेतलंय. आता वॉरंटी संपली, पण बदलून मिळत नाही म्हणते." आणि मग, ऐकणारा नवा असो की जुना, ते आपल्या लग्नाची गोष्ट सुरू करायचे.

काकू तरुण असताना युद्ध झालं होतं. शहराबाहेर काडतुसांचा कारखाना होता. पुरुष आघाडीवर गेले, म्हणून तपासणीच्या टेबलांवर मुली बसवल्या. काकू त्यातल्याच एक. पत्र्याचं छप्पर, उंचावर खिडक्या, आणि लांबच लांब टेबल. त्यावरून ट्रे सरकत यायचे. ट्रेमध्ये काडतुसं उलटी उभी केलेली, बुडं वर. प्रत्येक बुडाच्या मधोमध एक छोटीशी गोल टोपी बसवलेली असते. बंदुकीचा चाप ओढला की आतली सुई त्या टोपीवर आपटते, ठिणगी पडते आणि बार उडतो. टोपी बुडाशी अगदी सपाट हवी. वर आली तर धोका, आणि खोल बसली तर सुईचा घाव नीट लागत नाही, बार फुसका जातो. डोळ्यांनी हे धड कळत नाही. मुलींनी प्रत्येक बुडावरून बोट फिरवायचं, खोल वाटलं की ते काडतूस लाल डब्यात टाकायचं, आणि ट्रे चांगला निघाला की त्यावर खडूने खूण करून पुढे ढकलायचा.

काकांची गोष्ट इथूनच सुरू व्हायची. "त्यांच्या खोलीत वाफेचा पाइप गळत होता. मला पाठवलं. शिडीवर चढलो, खाली बघतो तर ही! हातातला पाना सुटला तो थेट खालच्या बादलीत, आणि सगळं पाणी त्यांच्या खडूस मुकादम बाईच्या अंगावर. बाकीच्या मुली तोंडावर हात धरून बसल्या. ही मात्र वर माझ्याकडे बघत खदाखदा हसतेय. आणि हात चालूच! ट्रे येतोय, खडू मारतेय, पुढे ढकलतेय, डोळे माझ्यावर! त्या दिवशी किती फुसके बार आघाडीवर गेले असतील देव जाणे!"

सगळे हसायचे. काकूसुद्धा पदर तोंडाला लावून म्हणायच्या, "पुरे हो, काहीतरीच." लेकीला तर ती गोष्ट पाठ होती. बाबांचा श्वास कुठे अडकतो तेही तिला ठाऊक होतं.

एका रविवारी लेक दोघांना संग्रहालयात घेऊन गेली. ती दवाखान्यात नर्स आहे, सुट्टी क्वचितच मिळते. संग्रहालयात नवं दालन उघडलं होतं. शहरामागच्या टेकडीवर पाण्याची मोठी लाइन टाकताना जुन्या लढाईचे अवशेष सापडले होते, ते तिथे मांडले होते. चपट्या झालेल्या गोळ्या, तोफेच्या गोळ्यांचे तुकडे, काडतुसांच्या हिरव्या पडलेल्या रिकाम्या पितळी पुंगळ्या, गंजलेले पाण्याचे डबे. काकांना भलताच उत्साह.

"अगं, हे बघ, तुझा माल!" ते इतक्या मोठ्याने म्हणाले की कोपऱ्यातला रखवालदार उठून आला. काकांना आयताच श्रोता मिळाला. त्यांनी त्याला पाइपपासून गोष्ट सांगायला घेतली.

काकू तोवर भिंतीजवळच्या एका लहानशा काचेच्या पेटीपाशी थांबल्या होत्या. आत एकच काडतूस होतं, त्याचं बूड बघणाऱ्याकडे येईल असं ठेवलेलं. वर भिंग बसवलेलं. बुडावर कारखान्याची खूण होती, दोन अक्षरं आणि साल. तोच कारखाना, तेच साल. खाली लिहिलं होतं, की हे काडतूस एका तरुण सैनिकाच्या बंदुकीत तसंच भरलेलं सापडलं. टोपी जरा खोल बसली असल्याने सुईचा घाव हलका पडला आणि बार उडाला नाही. दुसरं काडतूस भरायला त्याला वेळ मिळाला नसावा.

मागून काकांचा आवाज येत होता. "आणि ही खडू मारतेय, पुढे ढकलतेय, डोळे माझ्यावर!" रखवालदार हसला. लेकही हसली.

काकूंनी काचेवर हात टेकला. लेकीने विचारलं, "आई, बरं वाटत नाहीये का?" त्या म्हणाल्या, "चक्कर आली. घरी जाऊ."

यातलं बरंचसं पुढे काकूंनीच मला सांगितलं, थोडं काकांनी. तेव्हा आम्हा शेजाऱ्यांना एवढंच दिसलं की काकू बदलल्या. दुधाची पिशवी न बघताच घरात घेऊ लागल्या. भाजीवाला देईल ते घेऊन चालू लागायच्या. भाजीवाल्यालाच चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं. मला वाटलं, वय झालं. पण खरं कारण त्यांनी नंतर सांगितलं. कुठल्याही गोष्टीवर बोट ठेवलं की त्यांच्या मनात यायचं, आता काय उपयोग? तेव्हा बोट कुठे होतं?

डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाते असं काकांना सांगून त्या एकट्याच संग्रहालयात जाऊ लागल्या. पेटीसमोर एक लाकडी बाक होता, त्यावर बसायच्या. तिथे दर बुधवारी आणखी एक म्हातारी बाई यायची. उंच, ताठ कण्याची, गुडघ्याने अधू. तीही त्याच पेटीकडे बघत बसायची. तिसऱ्या-चौथ्या भेटीत तीच बोलली.

"तुम्हीही याच्यासाठीच येता?"

काकूंनी मानेनेच हो म्हटलं.

"माझा भाऊ," ती बाई म्हणाली. "धाकटा. सोन्या म्हणायचो आम्ही."

मग तिने सगळं सांगितलं. टेकडीवरची तुकडी मागे हटली तेव्हा सोन्या वर खंदकातच राहिला. परत आलेल्यांपैकी एकाने घरी येऊन सांगितलं, की त्याच्या बंदुकीचा आवाज एकदाही ऐकला नाही. घाबरून बसून राहिला असणार. वडील शाळामास्तर, कडक माणूस. त्यांनी सोन्याचा फोटो भिंतीवरून उतरवला आणि मरेपर्यंत त्याचं नाव घेतलं नाही. आईने घेतलेलंही त्यांना चालायचं नाही.

"इतकी वर्षं मीही तेच धरून चालले होते हो," ती म्हणाली. "पोर होतं, घाबरलं असेल. आणि मग हे सापडलं, त्याच्या नंबराच्या बिल्ल्यासकट." तिने काकूंचा हात धरून त्यांना उठवलं आणि भिंगापाशी नेलं. "तो बारीकसा खड्डा दिसतोय? ती सुई. म्हणजे त्याने चाप ओढला होता. पळाला नव्हता तो, लपला नव्हता. माझ्यासाठी हे काडतूस म्हणजे त्याची शेवटची खूण आहे. पाया पडावंसं वाटतं."

काकूंनी तो खड्डा बघितला. इतका उथळ, की जणू कोणी नखाने दाबलं असावं. टोपी आणखी केसभर वर असती तर घाव पुरता बसला असता. त्यांना तिथेच सांगून टाकायचं होतं, पण त्या भिंगापासून मागे सरकल्या. ती बाई सुखात होती. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा सुखात होती. आपण बोललो तर तिचं ते सुखही जाईल, असं काकूंनी स्वतःला समजावलं. घरी येताना बसमध्ये त्यांना वाटलं, समजूत छान काढली मी. पण कोणाची काढली?

त्यानंतर दोघींची मैत्री झाली. काकूंनी ती केली नाही, त्यांच्यावर ती येऊन पडली. त्या बाईंना काकू 'ताई' म्हणू लागल्या. बाकावर बसून झालं की दोघी खालच्या उपाहारगृहात चहा घ्यायच्या. ताईंचं लग्न झालं नव्हतं, सारं आयुष्य आईवडिलांचं करण्यात गेलं. सोन्याबद्दल बोलायला त्यांना कोणीच मिळालं नव्हतं, तो बांध आता फुटला. सोन्याचे कान कसे पुढे आलेले होते, तो शिट्टी वाजवून दोन घरांपलीकडच्या कुत्र्याला कसा बोलवायचा, बहिणीच्या चपला घालून अंगणात नाचायचा. काकूंना आता सोन्या माहितीच्या माणसासारखा झाला, आणि तेच सोसवेना.

एकदा ताईंनी विचारलं, "तुमचं कोणी होतं का लढाईत?"

"नाही," काकू म्हणाल्या.

"मग तरी येता. फार मोठं मन आहे तुमचं."

काकूंनी चहाचा कप खाली ठेवला. थंडी पडायला लागल्यावर ताईंनी त्यांना हाताने विणलेला करड्या रंगाचा स्वेटर आणून दिला. काकूंनी तो घरी आणून कपाटात ठेवला. कपाट उघडलं की तो दिसायचा, म्हणून त्या कपाट उघडायचंच टाळू लागल्या. लेकीने म्हटलं, "आई, एकच साडी किती दिवस नेसतेस?"

फुटायचं ते लेकीच्या वाढदिवशी फुटलं. आम्ही चार शेजारी होतो, जावयाच्या ऑफिसातलं एक जोडपं होतं. नवीन माणसं बघून काकांना चेव चढला. "वाफेचा पाइप गळत होता बघा..." त्यांनी सुरुवात केली. पाना बादलीत पडला, मुकादम बाई भिजली. काका मजेत येऊन हात उडवत म्हणाले, "किती फुसके बार गेले असतील..."

"एक गेलेला मला माहीत आहे!" काकू ओरडल्या.

आम्ही त्यांना ओरडताना कधीच ऐकलं नव्हतं. "ज्याच्या हातात गेला तो मेला. कान पुढे आलेले होते त्याचे. पुन्हा ही गोष्ट या घरात सांगितलीत तर मी घर सोडून जाईन." त्या आत निघून गेल्या. आम्ही हातातल्या बशा ठेवल्या आणि एकेक करून निघालो. काका खुर्चीत तसेच बसले होते. कानाचं यंत्र त्यांनी काढून हातात धरलं होतं, जणू चूक त्याचीच होती.

काका यंत्र पुन्हा कानात घालून आत गेले. काकू पलंगाच्या कडेवर बसल्या होत्या. त्यांनी पेटीचं, ताईंचं, स्वेटरचं सगळं सांगून टाकलं. काका त्यांच्या शेजारी बसले. मग म्हणाले, "पाना सुटला नव्हता."

"म्हणजे?"

"मीच सोडला. तू वर बघावंस म्हणून." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "तेव्हा मग मीही आलोच की यात."

इतक्या वर्षांत त्यांनी हे कधी सांगितलं नव्हतं. सुटलेल्या पान्यापेक्षा सोडलेल्या पान्याची गोष्ट जास्त रंगली असती, तरी नाही. दुसऱ्या कुठल्याही दिवशी काकूंना हे ऐकून केवढा आनंद झाला असता. त्या दिवशी दोघं नुसते शेजारी शेजारी बसून राहिले.

पुढच्या बुधवारी काकाही बरोबर गेले. आधी दोघं संग्रहालयाच्या क्युरेटर बाईंना भेटले. चाळिशीतली, शांत बोलणारी बाई. तिने सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही तोडलं नाही. मग म्हणाली, "काकू, त्या साली तिथे किती टेबलं होती, किती मुली होत्या! खूण कारखान्याची आहे, टेबलाची नाही. दारू दमटही झाली असेल, बंदुकीची सुईही झिजलेली असेल. हे काडतूस तुमच्या हातातून गेलं असं कोणीच सांगू शकणार नाही."

"माझ्या हातातून गेलं नाही, असं सांगता येईल का?"

क्युरेटर बाईंनी थोडा विचार केला. "नाही," त्या म्हणाल्या.

"मग झालं," काकू म्हणाल्या आणि उठल्या.

ताई बाकावर आल्या होत्या. काकांना बघून त्या सरकल्या. "यजमान वाटतं? बसा ना." काका उभेच राहिले. काकूही बसल्या नाहीत.

"ताई, मी त्या कारखान्यात होते," काकू म्हणाल्या. "काडतुसांच्या टोप्या तपासायला." आणि आपण थांबलो तर पुन्हा जमणार नाही म्हणून त्यांनी एका दमात सगळं सांगितलं. शिडी, बादली, हसणं, न बघता ढकललेले ट्रे. काका मध्येच म्हणाले, "पाना मी मुद्दाम टाकला होता." ताईंनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"किती वेळ हसत होतात तुम्ही?" त्यांनी काकूंना विचारलं.

"आठवत नाही. बराच वेळ."

"आणि हे काडतूस तुमच्या कारखान्यातलं आहे, हे तुम्हाला कधी कळलं?"

"इथे पहिल्यांदा आले तेव्हाच."

"म्हणजे मी तुम्हाला हाताला धरून तो खड्डा दाखवला, तेव्हा माहीत होतं."

"हो."

"सोन्याचं सगळं सांगत होते तेव्हा."

"हो."

"स्वेटर दिला तेव्हा."

काकूंनी मान खाली घातली. ताई बाकाला धरून उठल्या. गुडघा दुखत असणार, पण त्यांनी कोणाचा हात घेतला नाही.

"काडतूस तुमचं असेल, नसेल," त्या म्हणाल्या. "हसणाऱ्या मुलीवर मी कशाला रागावू? सोन्या तिथे असता तर तोही हसला असता. पण हे गप्प बसणं तुमचंच आहे. त्यावर कुणाची खूण शोधत बसायला नको."

त्या दालनातून बाहेर गेल्या. दगडी फरशीवर त्यांच्या काठीचा आवाज बराच वेळ येत राहिला.

काकू त्यानंतरही बुधवारी जात राहिल्या. ताई आल्या नाहीत. रखवालदाराने सांगितलं, त्या आता शुक्रवारी येतात. मग काकूंनी जाणंच थांबवलं. म्हणाल्या, "माझ्यामुळे त्यांना वार बदलावा लागला. निदान बाक तरी त्यांचा त्यांना मोकळा असू दे." स्वेटर परत पाठवावा की ठेवावा, हे त्यांना ठरवता येईना. परत पाठवला तर आणखी एक अपमान, घातला तर निर्लज्जपणा. शेवटी लेक म्हणाली, "आई, तो नुसता बाहेर खुर्चीवर ठेव. लपवू नकोस, बस." तेव्हापासून तो खुर्चीच्या पाठीवर असायचा.

काकांनीही बोलणं कमी केलं. आमच्याकडे वॉशर बदलायला आले तर मुकाट्याने बदलून जायचे. इमारत सुनी सुनी वाटायला लागली होती.

असाच उन्हाळा गेला. एक दिवस काकूंकडे फोन आला. आवाज ओळखून त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"तुमचे यजमान पाइपाचं काम करतात ना?" ताईंनी विचारलं. नमस्कार नाही, कशा आहात नाही. "भिंतीत खिळा ठोकता येतो का त्यांना? माझी भिंत दगडाची आहे. सुतार येतो म्हणतो आणि येत नाही."

"येतो की," काकू म्हणाल्या. "मी... मी नको ना येऊ?"

"फोटो सरळ आहे का ते खालून कोण सांगणार?" ताई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

दोघं गेले. घर दोन खोल्यांचं, लख्ख. टेबलावर एक लाकडी चौकट उताणी ठेवली होती. ताईंनी ती उचलून काकूंच्या हातात दिली.

"बघा," त्या म्हणाल्या. "नीट बघा."

कान खरंच पुढे आलेले होते. गणवेशाची कॉलर मानेला मोठी होती. फोटोवाल्याने गंभीर राहायला सांगितलेलं असावं, पण एका गालावर हसू फुटायच्या बेतात होतं. काकूंनी नजर हलवली नाही. डोळे भरून आले तेव्हा फोटोवर थेंब पडू नये म्हणून त्यांनी तो दूर धरला, पण बघत राहिल्या. ताई समोर उभ्या राहून त्यांच्याकडे बघत होत्या. माफ केलं असं ताईंनी तेव्हा म्हटलं नाही, नंतरही कधी नाही. काकूंनीही विचारलं नाही.

काकांनी खिळा हातात घेतला. बाजूच्या भिंतीवर ताईंच्या मास्तर वडिलांचा मोठा फोटो होता, कडक चेहऱ्याचा, त्याच्या शेजारी भरपूर जागा होती. त्यांनी तिथे पेन्सिलने खूण करायला घेतली.

"तिथे नको," ताई म्हणाल्या. "दारासमोर लावा. घरात येणाऱ्याला आधी तो दिसला पाहिजे."

दगड कठीण होता. काकांना बरेच घाव घालावे लागले, आणि प्रत्येक घावाला काकू दचकत होत्या. पण त्या खालीच उभ्या राहिल्या, भिंतीपासून चार पावलं मागे, आणि फोटो चढल्यावर सांगत राहिल्या, "जरा डावीकडे. अजून थोडा. नाही, तेवढा नको."